तिसरा ठिपका

तिने पडद्यावरच्या आलेखात मधोमध आणून ठेवलेला तिसरा ठिपका संगणकाने पुन्हा कडेला नेऊन चिकटवला. नवजात बाळांना झटक्यांवरचं नवं औषध दिल्यावर तपासणीसाठी रक्त केव्हा केव्हा घ्यायचं, म्हणजे ठिपके कुठे ठेवायचे, एवढंच तिला ठरवायचं होतं. संगणक आपला हेका सोडत नव्हता: एकदा लगेच, एकदा उशिरा. बस.

“मग दोनदाच घेऊ,” मागे उभे असलेले तिचे साहेब म्हणाले.

“त्याला आपणच पढवलंय, सर. औषध शरीरातून किती वेगाने बाहेर जातं, तो आकडा आपण मोठ्या माणसांचा दिला. बाळांचा कुणालाच माहीत नाही. तोच तर शोधायचाय.”

“अंदाज चुकला तर कळेलच की.”

“नाही कळणार. दोन ठिपक्यांतून चुकीची रेषासुद्धा गुमान जाते. आणि डोस त्याच रेषेवरून ठरणार.”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“तुझा एक ठिपका म्हणजे त्या बाळांना आणखी एक सुई. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची हरकत नाही म्हणा. पण आयांना तूच विचार.”

वॉर्डात उकडत होतं. काचेच्या पेटीत हात घालून एक आई स्टुलावर बसली होती. ती पेटीपाशी जाऊन उभी राहिली. न विचारावं तर पुढच्या कितीतरी बाळांना आंधळेपणाने डोस. विचारावं तर या मुठीएवढ्या जिवाला आणखी एक सुई. आणखी एकदा रक्त घेऊ का, असं तिने कसंबसं विचारलं.

“दोनदाच म्हणाला होतात ना?” आई म्हणाली. “तिसऱ्याने हिला बरं वाटेल?”

“नाही. हिला काहीच फायदा नाही. आमचं चुकत असेल तर ते आम्हाला दिसावं, म्हणून.”

कापूस घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरने चमकून तिच्याकडे पाहिलं.

“चुकत असेल, असं इथे पहिल्यांदाच कुणी म्हणतंय,” आई म्हणाली आणि स्टुलावरून उठली. “घ्या. पण पाय तुम्ही धरा. मला नाही बघवत.”

“अहो, मी डॉक्टर नाही. मी नुसतं गणित...”

“धरा.”

तिने हात धुतले. बाळाची टाच तिच्या अंगठ्याएवढीही नव्हती. सुई लागताच पाय सुटायला धडपडला. बाळाचं तोंड उघडलं, आवाज मागाहून आला.

“थेंब पुरत नाहीये, मॅडम,” सिस्टर म्हणाली. “आणखी जरा दाबा.”

तिने दाबलं.