शेपूट डावीकडे

नवरा-बायकोचं खरं काय चाललंय ते ट्रेलर मागे घेताना कळतं, असं आम्ही ट्रेलरवाले, म्हणजे पिकअप ट्रकमागे चाकांवरचं घर ओढत फिरणारे, हसत हसत म्हणतो. संध्याकाळी कॅम्पवर कुणी नवं आलं की शेजारीपाजारी खुर्च्या बाहेर ओढतात, बिअरचे डबे उघडतात आणि बघत बसतात. नवरा पिकअपमध्ये, बायको मागे हातवारे करत, आणि दोघांची जुंपलेली. फुकटचा तमाशा. आमच्या तमाशाला दुसरा अंकही असायचा. तो ट्रेलरचं दार लावल्यावर सुरू व्हायचा आणि त्याला प्रेक्षक नसायचे.

वेन्डेल, माझा नवरा, जन्मभर शाळेच्या बस दुरुस्त करत होता. निवृत्त झाला आणि घर विकून त्याने हा ट्रेलर घेतला. मला विचारलं नाही. मागे कॅमेरा बसवून घेऊ म्हटलं, तर म्हणाला, "कॅमेरा कशाला? तू आहेस की."

मागे घेताना एक गोष्ट उलटी असते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जातं. त्यामुळे नुसतं 'डावीकडे' म्हटलं तर कशाचं डावीकडे, हा घोळ होतो. पहिल्याच उन्हाळ्यात मी स्टिअरिंगचं डावं सांगितलं, त्याने शेपटाचं धरलं आणि ट्रेलर नळाच्या खांबावर गेला. त्या संध्याकाळी त्याने माझं मनगट दारात घालून दार ओढलं. "आता लक्षात राहील," म्हणाला. राहिलं. तेव्हापासून मी फक्त शेपटाचं बोलते. 'शेपूट डावीकडे', 'शेपूट उजवीकडे', तेही गाडीत बसलेल्याच्या डाव्या-उजव्याने. झोपेतून उठवून विचारलं तरी चुकणार नाही.

हे घडलं त्या सकाळी आयडाहो राज्यातल्या एका कॅम्पवरून निघतानाच बिनसलं होतं. आदल्या संध्याकाळी ट्रेलर जागेवर लावायला आम्हाला पाच-सहा खेपा लागल्या होत्या, आणि ऑर्विल नावाचा शेजारचा म्हातारा खुर्चीतून ओरडला होता, "अहो बाई, त्यांच्या हातावर लिहून द्या डावं-उजवं!" सगळे हसले. वेन्डेलही हसला. त्याच्या हसण्याची किंमत मी आत गेल्यावर बरगडीवर मोजली.

गाडीत नकाशा बघायचं काम माझं, पण ऐकायचं कुणाचं तर फोनमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईचं. ती कधी उलट बोलत नाही. तिच्यावर त्याने कधी हातही उगारला नाही. तिनेच आम्हाला एका लाकूडतोड्यांच्या गावात बोळात घातलं, आणि बाहेर पडताना विजेच्या खांबाने पिकअपचा उजवा आरसा मुळापासून उपटला.

"तू का नाही बोललीस?" तो म्हणाला.

"बोलले. तू आवाज बंद कर म्हणालास."

त्याने एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझं डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं. मग रुमाल दिला. त्याच्या रुमालांना कायम ग्रीसचा वास यायचा.

त्याच क्षणी मी ठरवलं. पुढच्या मोठ्या गावात पेट्रोल भरायला थांबलो की उतरायचं आणि बहिणीला, रोवीनाला, फोन करायचा. पर्स मांडीवर घेऊन बसले, मागे टाकली नाही. मला फक्त तिथवर जिवंत पोचायचं होतं.

फोनवाल्या बाईने पुढे डोंगरातला जवळचा रस्ता काढला. माझ्या मांडीवर ट्रकवाल्यांचा जाडजूड नकाशा होता आणि त्यात हा रस्ता तुटक रेघेने दाखवला होता.

"वेन्डेल, हा लाकडं वाहायचा जुना रस्ता आहे. ट्रेलर वळवायला जागा नाही मिळायची."

"दे इकडे." त्याने नकाशा घेतला, खिडकीची काच खाली केली आणि बाहेर भिरकावला. "आता कोण बरोबर ते बघू."

वर चढता चढता एक पूल लागला. लाकडी, दोन्ही बाजूंना कठडा नाही, खाली दगड आणि पाणी. ट्रेलर जेमतेम मावत होता. पार केला तेव्हा वेन्डेलच्या कपाळावर घाम होता, पण तोंडाने शीळ घालत होता. पूल संपताच वळण होतं, आणि वळणाच्या पलीकडे अख्खा डोंगर रस्त्यावर उतरला होता. दगड, माती, झाडं. रस्ता संपला.

मी हसले नाही, पण त्याला वाटलं हसले. दार उघडून त्याने मला बाहेर ओढलं आणि हातातल्या टॉर्चने तोंडावर मारलं. दोनदा. दुसऱ्या वेळी दात हलला. मी मातीत बसले, तर बुटाने ढकलून म्हणाला, "ऊठ, म्हातारे. मागे जा. पुलावरून मागे घ्यायचंय."

एकमेकांशी बोलायच्या दोन रेडिओंपैकी एक त्याने माझ्याकडे फेकला आणि स्वतःचा घेऊन गाडीत चढला. दार लावण्याआधी त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याच्या डोळ्यांत असं काही मी पाहिलं नव्हतं. तो घाबरला होता. पुलाला नाही, मला.

पूल परत ओलांडून, जिथून आलो होतो त्या टोकाला मी उभी राहिले. तोंडात रक्त, काखेत पर्स, हातात रेडिओ. ट्रेलरचं पांढरं ढुंगण माझ्याकडे हळूहळू येत होतं. सरळ सांगते, त्याला मारावं असं मला वाटलं. एक शब्द पुरला असता, आणि डावं-उजवं चुकलं म्हणून म्हाताऱ्या बाईला कुणी फासावर चढवलं नसतं. ऑर्विलने तर हसून साक्ष दिली असती. पण मला विधवा व्हायचं नव्हतं. मला मोकळं व्हायचं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत व्हायचं होतं. मी पर्स काखेत घेऊन चालत जाईन आणि तो बघत राहील, असं.

"ये," मी म्हटलं. "सरळ. सरळ. ये."

ट्रेलरची चाकं पुलावर आली. पण पिकअप अजून वळणात होती, त्यामुळे ट्रेलर तिरका झाला आणि शेपूट उजव्या कडेकडे सरकायला लागलं. त्या बाजूचा आरसा तर गेलेला. डाव्या आरशात त्याला ट्रेलर दिसत नव्हता. दिसत होती फक्त डावीकडची रिकामी फळी आणि तिच्याखालचं पाणी.

"थांब! शेपूट डावीकडे! डावीकडे घे!"

गाडी थांबली. रेडिओवर त्याचा श्वास ऐकू येत होता.

"काय म्हणालीस?"

"शेपूट डावीकडे, वेन्डेल. उजवं चाक कडेवर आलंय."

"डावीकडे तर पाणी आहे."

"जागा आहे डावीकडे. ऐक माझं, एकदा तरी ऐक!"

पिकअपची पुढची चाकं हलली. मी ती बघितली आणि समजले. चाकं डावीकडे वळली होती. म्हणजे शेपूट जाणार उजवीकडे, मी सांगितलं त्याच्या बरोबर उलट.

"नको! नको! थांब!" मी किंचाळले. दोन्ही हात डोक्यावर फुली करून धावले. आमच्यात ती थांबण्याची खूण. ती बघायला त्याच्याकडे उजवा आरसाच नव्हता.

फळी मोडली तो आवाज बारीकसाच झाला. ट्रेलर आधी बसला, मग आडवा पडला आणि पिकअपला मागून धरून ओढत खाली घेऊन गेला. माझे पडदे, माझी भांडी, सगळं दगडांवर फुटलं. पिकअप ट्रेलरवर उलटी पडली.

मी कडेला पालथी पडले आणि त्याचं नाव घेत राहिले. रडत होते. का रडत होते ते विचारू नका. मग हातातला रेडिओ खरखरला.

"नोरीन."

"येते मी खाली. हलू नकोस. येते."

"तू डावीकडे म्हणालीस ना?"

"हो."

"खरंच डावीकडे?"

"खरंच डावीकडे. तुला कधी चुकीचं सांगितलंय?"

त्याला श्वास घ्यायला वेळ लागला. मागे फोनमधली बाई बोलत होती. शक्य तिथे गाडी वळवा, म्हणत होती.

"मी तुझ्या जागी असतो," वेन्डेल म्हणाला, "तर उजवीकडे सांगितलं असतं."

मी खाली पोचले तोवर तो गेला होता. स्टिअरिंग डावीकडे वळलेलंच होतं. मी त्याच्या खिशातला रुमाल काढला, तोंडावरचं रक्त पुसलं, आधी त्याच्या, मग माझ्या, आणि पर्स घेऊन गावाच्या रस्त्याला लागले.