डिरेक्टरी बनवताना राहिलेली फट

अन्सेल्मो रिकेल्मेला त्या भानगडीत मी ओढलं, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा माणूस आडवळणाने बोलतोय. आडवळणं घेऊन झालीत माझी, पुरे.

१९७७ साली आमच्या विद्यापीठात युनिक्स या प्रणालीवर चालणारं एकच संगणक-यंत्र होतं, कपाटाएवढं, आणि त्याचा रखवालदार मी, वेंडेल स्ट्रोब. अन्सेल्मो चिलीहून शिष्यवृत्तीवर आलेला, चोवीस वर्षांचा. मायदेशी लष्कराचं राज्य, आणि विद्यार्थी संघटनेत असल्यामुळे याचं नाव तिथे आधीच कुणाच्या तरी वहीत चढलेलं. हे त्यानेच मला सांगितलं होतं, कॉफी ढवळता ढवळता, जणू पडसं झाल्याचं सांगावं तसं.

तेव्हा डिरेक्टरी, म्हणजे तुम्ही आज ज्याला फोल्डर म्हणता ती, एका दमात बनत नसे. आधी यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने एक रिकामी डिरेक्टरी उभी राही. मग ती मागणाऱ्याच्या नावावर केली जाई. मग तिच्यात दोन नोंदी टाकत, एक तिची स्वतःची, एक तिच्या वरच्या डिरेक्टरीची. काढून टाकतानाही तसंच, एकेक नोंद उपटत जायचं. अन्सेल्मोने हे वाचलं आणि तडक माझ्या खोलीत आला.

"वेंडेल, तुझ्या यंत्राला दार नाहीये."

"काय बोलतोस?"

"नावावर करणारी पायरी फक्त नाव बघते, आत काय आहे ते बघत नाही. त्या पायरीच्या आधी मी ती रिकामी डिरेक्टरी काढून टाकली आणि त्याच नावाने पासवर्डची फाइल तिथे जोडली, तर? यंत्र डोळे मिटून पासवर्डची फाइल माझ्या नावावर करेल, मग कुणाचंही खातं माझंच."

तो बरोबर होता, आणि ते मला आवडलं नाही. मी हसलो. "अरे शहाण्या, दोन पायऱ्यांमधली ती क्षणभराची फट केवढी, तू केवढा! कागदावर सगळेच शूर असतात. करून दाखव, आठवडाभर जेवण माझं."

"खरंच करू?"

"कर की. अडवलंय कुणी?"

पुढच्या मंगळवारी भर दुपारी त्याने करून दाखवलं. आधी ढीगभर फालतू कामं लावून यंत्राला दमवलं, म्हणजे फट रुंदावेल. मग डिरेक्टरी बनव, काढ, बनव, काढ. एकेचाळिसाव्या खेपेला छापणाऱ्या टर्मिनलच्या कागदावर ओळ उमटली: पासवर्डची फाइल, मालक अन्सेल्मो. त्याने तिच्यातलं एक अक्षरही बदललं नाही. "जेवणात मला रोज दोन अंडी आणि ॲपल पाय हवा," एवढंच ओरडला.

यंत्र का रखडलंय हे बघायला विभागप्रमुख हॉलबर्ग नेमके तेव्हाच आत आले. त्यांनी कागद फाडून घेतला, वाचला.

"हे कुणाच्या परवानगीने चाललंय?"

अन्सेल्मोने माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी तोवर हंगामी होती आणि दोनच आठवड्यांनी ती कायम करण्याचा निर्णय हॉलबर्गच घेणार होते.

"मला याची कल्पना नव्हती, सर," मी म्हणालो.

अन्सेल्मोने माझ्यावरून नजर हॉलबर्गकडे वळवली. मग म्हणाला, "मी एकट्यानेच केलं."

मला वाटलं, रागावतील, सोडून देतील, राग निवला की मी हळूच खरं काय ते सांगेन. पण त्या यंत्राला सरकारी पैसा होता आणि वरचे लोक घाबरले. चौकशी बसली. तांत्रिक परिच्छेद लिहायला मला सांगितलं आणि मी तो लिहिला: "सदर विद्यार्थ्याने सरकारी संगणकाच्या सुरक्षेत हेतुपुरस्सर शिरकाव केला." वाक्य कसं ठाकठीक जमलंय याचं तेव्हा मला समाधानही वाटलं. ते आठवलं की आजही माझी मला किळस येते.

अहवालाची एक प्रत चिलीच्या वकिलातीतही गेली; शिष्यवृत्ती गेली, तिच्यामागे व्हिसा. निघण्याच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. रडला नाही, भांडला नाही.

"शुक्रवारी हॉलबर्ग अहवालावर शेवटची सही करतील. त्याआधी जाऊन सांग ना. तूच कर म्हणालास, एवढंच."

"सांगतो."

"नक्की?"

"अरे, सांगतो म्हटलं ना!"

शुक्रवारी मी हॉलबर्गच्या दारापर्यंत गेलो. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. आज ते खुशीत आहेत, कशाला बिघडवा, असं मनाशी म्हणून मी परत फिरलो. मी भित्रा होतो. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, नाही सापडलं.

नोकरी कायम झाली. ती फट मी एका दुपारी बुजवली, जेमतेम वीस ओळींचं काम. पुढे काही वर्षांनी डिरेक्टरी बनवणं आणि काढणं थेट यंत्रणेच्या गाभ्यातच एका दमात होऊ लागलं. सगळ्यांना आनंद झाला.

त्याच्या आधीच, १९७९ साली, सान्तियागोहून त्याची बहीण एलियाना हिचं पत्र आलं. अन्सेल्मोला लष्कराच्या माणसांनी विमानतळावरूनच उचलून नेलं होतं. दोन वर्षं ती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती. असा कुणी माणूस आलाच नाही, असं सगळीकडे उत्तर. मग एका अधिकाऱ्याने वैतागून तिच्यापुढे एक कागद टाकला होता: तुझा भाऊ सरकारी यंत्रं फोडणारा, त्याचं विद्यापीठच सांगतंय. तिने तो हाताने उतरवून पाठवला होता. माझाच परिच्छेद, खाली माझं नाव. "यात काही चूक असेल तर कृपा करून लिहा," तिने विनवलं होतं. "आम्ही कोर्टात गेलो आहोत."

या वेळी मी लिहिलं. पैज, परवानगी, दारापर्यंत जाऊन फिरणं, सगळं. नोटरीचा शिक्का मारून पाठवलं. हॉलबर्गना प्रत दिली. ती त्यांनी वाचली आणि त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मला वाटलं, चला, निदान आता तरी.

चार महिन्यांनी तिचं उत्तर आलं.

"आदरणीय वेंडेल, तुमचे आभार. वकिलांनी तुमचं पत्र दाखल केलं. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, की या गृहस्थांनी हे १९७७ मध्ये का लिहिलं नाही? तुम्ही खरंच त्याचे मित्र होता यावर त्यांचा विश्वास बसत नाही. पुढच्या तारखेला मी त्यांना काय सांगू?"

ती तारीख केव्हाच उलटून गेली. मी उत्तर पाठवलेलं नाही.