भिंतीतली खूण

बावीस वर्षं झाली, मी लोकांना जमिनीखाली नेते आणि मोजून वर आणते. रोममधल्या आप्पिया रस्त्यावरच्या आमच्या प्राचीन थडग्यांच्या भुयारात जगभरचे लोक येऊन गेले. बसने पाऊण तासावर राहणारी माझी सख्खी मावशी तेवढी कधी आली नाही. "मेलेल्यांना भेटायला तिकीट कशाला? मी फुकटात भेटते," म्हणायची. म्हणून मंगळवारी सकाळी तिचा फोन आला, "नीवेस, उद्या तुझ्या भुयारात ने मला, बघायचंय," तेव्हा मी आधी विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? दहाला येते."

त्या दिवसांत आमचं दोघींचं जुंपलेलंच होतं. कारण एक कागद. मावशीचे यजमान ओत्तोरिनोकाका अकरा वर्षांपूर्वी गेले. कॉफीची भांडी दुरुस्त करायचं त्यांचं लहानसं दुकान होतं, माणूस देवमाणूस. त्यांना मातीत पुरलं होतं, आणि आमच्याकडे माती दहा वर्षांच्या बोलीवर मिळते. पुढे हाडं काढून छोट्या पेटीत घालतात आणि पेटी भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात. दफनभूमीच्या कचेरीतून कागद आला होता: शुक्रवारपर्यंत सही करा, नाहीतर हाडं बेवारशांच्या खड्ड्यात जातील.

सही करायला मावशीला काय झालं होतं? तिची सही म्हणजे भरतकाम, एकेक अक्षर टाका घातल्यासारखं. पण कागद दोन महिने फ्रिजवर लटकत होता. मी तिला कचेरीतही नेलं. तिथला माणूस बिचारा फार मऊ बोलला. मावशीनं एकच विचारलं, "कप्प्याच्या दगडावर त्यांचा फोटो बसवाल ना?" तो म्हणाला, नव्या भिंतीवर फोटो नाहीत, फुलदाण्या नाहीत, सगळ्यांना सारखंच. नाव आणि दोन तारखा. मावशीनं पर्स उचलली आणि चालू लागली.

बसमध्ये मी तिच्यावर जाम भडकले. "एका फोटोपायी नवऱ्याला खड्ड्यात घालशील? लोक काय म्हणतील?" ती खिडकीबाहेर बघत बसली. ताकास तूर लागू देईल तर ती झेलिंदामावशी कसली!

आणि खरं सांगायचं तर माझा राग नुसता कागदाचा नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी माझी आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. मावशीचा फोन बिघडलेला. मी धावत तिच्या घरी गेले तर ती बाजारात. दाराला चिठ्ठी चिकटवली, 'आई जातेय, लगेच ये,' आणि तशीच परत पळाले. आई चारला गेली. मावशी उगवली सातला. शेजारीण म्हणाली, अगं, ती तर बाराला घरी आली होती, चिठ्ठी हातात घेऊन दारात उभी होती. मी जाब विचारला तर मावशी म्हणाली, "उशिरा पाहिली." बस्स. मी वर्षभर तिचं तोंड पाहिलं नाही. नंतर जाणं-येणं सुरू झालं, पण ते सातचे ठोके काही माझ्या मनातून गेले नाहीत.

तर बुधवारी ती आली. खांद्यावर शाल, काखेत ती भलीमोठी पर्स. तिकिटाच्या खिडकीवर सूचनांचा कागद दिला तर मला म्हणाली, "चष्मा विसरले. तूच सांग काय ते." चष्मा तिला औषधाच्या दुकानात आठवत नाही, हॉटेलात आठवत नाही, कुठेच आठवत नाही.

"हात लावायचा नाही, मागे रेंगाळायचं नाही," मी सांगितलं.

"म्हणजे शाळाच की."

मावशी धरून तेरा जण होते. त्यात बेर्गामोचे एक इंजिनिअर सपत्नीक आलेले, आणि त्यांना सगळं माझ्या आधी माहीत होतं. पायऱ्या उतरताना त्यांनी खडकाचा प्रकार सांगितला. खाली पोचल्यावर हवा किती अंश थंड ते सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, माझ्यासाठीही थोडं ठेवा." त्यांची बायको एवढी खूश झाली की पुढे मी काहीही सांगितलं तरी ती मान डोलवत होती.

बोळ अरुंद आहेत आमचे. दोन्ही बाजूंना भिंतीत खालपासून वरपर्यंत आडवे कप्पे, एकावर एक. मला वाटलं होतं, मावशी दमेल, कंटाळेल. कसलं काय! तिचे डोळे लहान पोरीसारखे भिरभिरत होते आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"हे खणलं कुणी?"

"खणणारेच होते. पिढीजात धंदा."

"माती कुठे टाकली?"

"टोपल्यांनी वर नेली. वरून उजेडाला भोकं पाडलेली आहेत, तिथूनही ओढली."

"आणि बायका इथे खाली यायच्या? एकट्या?"

"दिवा घेऊन यायच्या. वर्षश्राद्धाला जेवण आणायचे, वाइन आणायचे."

"बरं करायचे," मावशी म्हणाली. "उपाशी कशाला रडायचं."

इंजिनिअरांनी विचारलं, "हाडं कुठायत?" मी नेहमीचं उत्तर दिलं, इथली बरीचशी शेकडो वर्षांपूर्वीच हलवली, काही बंद बोळांमध्ये आहेत. मावशीनं माझ्याकडे वळून बघितलं. "म्हणजे यांनाही हलवलं?"

"हो."

"हं." आणि मग आवाज खाली आणून, "नीवेस, एवढ्या काळोखात आपलं माणूस कुठलं, हे कळायचं कसं गं?"

"नाव लिहीत." मी बॅटरी मारली. "हे बघ, फेलिचिता. कोरलंय."

"ज्यांच्यावर नाव नाही त्यांचं?"

प्रश्न बरोबर होता. बहुतेक कप्प्यांवर नावच नाही. तसंही पुढचा बोळ त्याचाच होता, म्हणून मी सगळ्यांना तिकडे नेलं आणि रोजचं बोलणं सुरू केलं. गरिबांना लिहिता-वाचता येत नसे. कप्पा विटांनी बंद करून चुना लावला की, तो ओला असतानाच घरचे लोक त्यात काहीतरी दाबून ठेवत. इथे शिंपला आहे. हे काचेच्या पेल्याचं बूड. हे हाडाचं बटण. पुढच्या खेपेला आले की हाताने चाचपून आपलं माणूस शोधत. मी हे हजारदा सांगितलेलं आहे. इंजिनिअरांनी बटणाचा फोटो घेतला, त्यांच्या बायकोनं "अय्या" म्हटलं, आणि आम्ही पुढे निघालो.

चित्रांच्या खोलीत पोचल्यावर मी सवयीनं माणसं मोजली. बारा. परत मोजली. बाराच.

या बोळांत माणूस एक वळण चुकलं तर गेलंच. "साहेब, तुम्हाला सगळं येतं ना? या चित्रांचं सांगा जरा," म्हणून इंजिनिअरांच्या गळ्यात तो घोळका घातला आणि मी मागे धावले.

मावशी शिंपल्याच्या बोळातच होती. डोळे मिटलेले, उजवा हात भिंतीवर. कडेपासून सुरुवात करून ती हात सरकवत होती, एक कप्पा, दुसरा कप्पा, आणि बोटं बटणाला लागली की थांबत होती. मग परत कडेला जाऊन पहिल्यापासून.

"मावशी! हात लावू नको म्हटलं होतं ना! माझी नोकरी घालवणार आहेस का?"

तिनं डोळे उघडले. गाल ओले होते. बावीस वर्षांत या बोळात रडलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"सापडतं गं," ती म्हणाली. "खरंच सापडतं."

"काय सापडतं?"

"चष्मा मी कधी विसरत नाही, नीवेस. पर्समध्येच असतो." तिनं तो काढून दाखवला. "घालून काय करू? आम्ही डोंगरात मेंढ्या राखायचो, शाळा कुणी दाखवलीच नाही. ओत्तोरिनोनं लग्नानंतर मला नाव लिहायला शिकवलं. चित्र काढायला शिकवावं तसं. बाकी सगळं तोच वाचायचा. शप्पथ घातली होती मी त्याला, कुणाला सांगशील तर बघ."

मी बॅटरी खाली केली.

"मातीत होता तेव्हा फोटो होता," ती म्हणाली. "त्या भिंतीत चारशे दगड आहेत. सगळे सारखे. मी कुणापुढे उभी राहू? परक्याच्या दगडावर फुलं ठेवून येऊ काय? आणि प्रत्येक वेळी कुणाला विचारू, अहो, माझा नवरा यातला कुठला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो कागदावर थांबला नाही. तो सरळ मागे गेला, एकोणीस वर्षं.

"चिठ्ठी," मी म्हटलं. "आईच्या वेळची."

मावशीनं शाल घट्ट ओढली. "तुझं अक्षर ओळखलं मी. म्हटलं, येऊन गेली असेल, मी नव्हते म्हणून चिडली असेल. ओत्तोरिनो साडेसहाला दुकान बंद करून आला. त्यानं वाचली." ती म्हणाली. "आम्ही पळतच आलो गं."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी वर्षभर तुला तोंड दाखवलं नाही!"

"तू शिकलेली. चार भाषा बोलतेस. तुला सांगायचं, की माझ्या बहिणीची शेवटची भेट हुकली कारण मला अक्षर येत नव्हतं?" ती म्हणाली. "त्यापेक्षा दुष्ट म्हणालीस ते परवडलं."

मी तिला मिठी मारली. तिची पर्स आमच्या मधे आली आणि चष्मा खाली पडला. तोही आम्ही दोघींनी चाचपूनच शोधला, कारण रडण्याच्या नादात माझी बॅटरी विझली होती. चित्रांच्या खोलीत परतलो तेव्हा इंजिनिअर सगळ्यांना पुढचं शतक समजावत होते.

शुक्रवारी सही झाली. मी म्हटलं, "मी येत जाईन तुझ्याबरोबर, दाखवीन." ती म्हणाली, "आणि तुझे गुडघे गेले की?"

पंधरा दिवसांनी पेटी भिंतीत ठेवली. गवंडी रेमो म्हणून होता. दगड बसवून तो कडेनं सिमेंट भरत होता, तेवढ्यात मावशीनं पर्समधून एक काळी वस्तू काढली. मी ओळखली. तिच्या कॉफीच्या भांड्याच्या झाकणाची मूठ. काकांनी ती तीनदा नवी बसवून दिली होती.

"बाई, काही लावायला परवानगी नाही," रेमो म्हणाला.

"कुणाची परवानगी नाही?"

"नियम आहे."

"माझ्या भाचीला विचार, तिचा नियम दोन हजार वर्षांचा आहे."

रेमोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुला तहान लागली असेल. तिकडे नळ आहे." तो शहाणा माणूस. गेला, आणि पाणी प्यायला त्याला बराच वेळ लागला. मावशीनं दगडाच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, मूठ दाबली आणि अंगठ्यानं सिमेंट सारखं केलं. त्या दिवशी तिच्याकडे कॉफी झाली तेव्हा मी सवयीनं झाकण उचलायला गेले आणि बोटं भाजून घेतली. "फडकं घे की, मुली," ती म्हणाली. "आता असंच चालायचं."

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मेलेल्यांच्या दिवशी, सगळं रोम दफनभूमीत लोटतं. आम्ही दोघी शेवंतीची फुलं घेऊन गेलो. गर्दीत आमची चुकामूक झाली. मी भिंतीपाशी पोचले आणि दगड वाचायला लागले. ओत्ताव्हिओ, ओरेस्ते, ओलिंतो, परत एक ओत्ताव्हिओ. ऊन दगडांवर चमकत होतं, अक्षरं दिसेनात. दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली. माझा चष्मा घरी राहिला होता, खरोखरच.

"काय गं, सापडला का?" भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडून हाक आली.

"वाचतेय!"

"वाच, वाच," मावशी म्हणाली. तिचा हात दगडाच्या डाव्या कोपऱ्यावर होता आणि फुलं केव्हाच ठेवून झाली होती. "आम्ही दोघं थांबलोय."