ओल्या मातीतली तहान

मी मूळ आहे, भडगावजवळ गिरणेच्या काठी एका बांधावर उभ्या असलेल्या जुन्या आंब्याचे. मित्रांनो, आंबा पाहताना तुम्ही वर पाहता. खाली काय चालते ते मी सांगते.

कोयीतून निघाले तेव्हापासून माझी मारामारीच चालू आहे. मुरमाच्या फटीत शिरायचे, जाड व्हायचे आणि दगड फोडायचा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा ती माझे कोवळे फाटे दोरा तोडावा तसे तोडते. मी पुन्हा नवे फाटे काढते.

मी तोंडाने पाणी पीत नाही. माझ्या टोकांजवळ केसांहून बारीक रोम आहेत. त्यांच्यातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे, म्हणजे माझ्यात, येते. वर पाने उन्हात पाणी उडवतात, त्यामुळे ते खालून वर ओढले जाते, ताणलेल्या तारेसारखे. मात्र बाहेरचे पाणी पातळच राहिले पाहिजे.

बांधाच्या एका बाजूला भिकुबाईचे शेत, दुसऱ्या बाजूला तिचा दीर झुलाल याचे. नवरा वारल्यावर तिला आधार होता तो या झाडाच्या कैऱ्यांचा. १९३४ साली झुलालने बांधाला लागून केळी लावली आणि कुरकुर सुरू झाली.

"वहिनी, तुनं झाड मनी केळीनं पानी पेस. तोडी टाक."

"तुना बापनं लावेल शे. त्यालेच जाईसन इचार."

सासरे कधीच वारले होते.

फळते झाड तोडले तर गाव नावे ठेवील, म्हणून झुलालने दुसरी वाट धरली. मुळाशी मीठ पुरले की झाड आपोआप वाळते, असे लोक म्हणत. बाजाराच्या दिवशी भर दुपारी, शिवारात कोणी नसताना, त्याने माझ्या अंगाला लागून खड्डा खणला, गोणभर खडे मीठ ओतले, वर पाणी टाकले आणि माती लोटली.

आता बाहेरचे पाणी माझ्या रसाहून दाट झाले. जे पाणी मी पीत होते, तेच माझ्यातून उपसले जाऊ लागले. रोमांच्या पेशी आक्रसल्या आणि आपल्याच भिंतींपासून सुटल्या. वर पाने ओढत होती, खाली मीठ ओढत होते. ताणलेली धार मध्येच तुटली, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत हवा शिरली आणि एकेक नळी मेली. पानांच्या कडा करपल्या. कोवळ्या कैऱ्या टपटप गळल्या.

भिकुबाईने मातीत बोट घातले.

"माती ते ओली शे," ती पुटपुटली. "मंग झाड कसाले सुकस?"

झुलाल एक गोष्ट विसरला होता. केळीच्या पाण्याचा पाट बांधाच्या पायथ्यानेच जात होता. त्या पाण्याबरोबर मीठही गेले. त्याच्या केळीची पहिली ओळ करपली. त्याला वाटले, हे वहिनीचेच काम. तो कुऱ्हाड घेऊन आला.

"मनी केळीले काय टाकं तू?"

"माले तुनी केळीनं काय कराणं शे?" मातीबाहेर आलेल्या माझ्या पाठीवर ती ठाण मांडून बसली.

पहिला घाव माझ्यात रुतला. त्याने तिला दंडाला धरून ओढले आणि दुसरा घाव घातला. कुऱ्हाड घसरली आणि तिची नडगी उघडी पडली. रक्त माझ्या जखमेत उतरले. मित्रांनो, रक्तही खारट असते. ते मला पिता आले नाही.

ती पडली तेव्हा तिचा पंजा उकरलेल्या भुसभुशीत मातीत गेला. बोटांना पांढरे कण चिकटले. तिने ते जिभेवर ठेवले. मग तीच माती मुठीत घेऊन उठली आणि झुलालच्या तोंडात कोंबली.

"चाख, भाऊ."

तो थुंकला. ती लंगडत केळीपाशी गेली आणि तिथली मूठ घेऊन आली. "आते हाई चाख."

चव तीच होती. कुऱ्हाड खाली गेली.

"वहिनी, मना हातनं झायं."

"तुना हात लांब शे. पार तुनी केळीपावत गया."

तिने लुगड्याचा पदर फाडून नडगीला बांधला. दोघांच्या सामाईक विहिरीवर त्या दिवशी पाण्याची तिची पाळी होती. "माती उपस," ती म्हणाली. "मंग पानी सोडसू. पहिलं झाडले."

खारी माती टोपल्यांनी नाल्यात गेली. मग मोटेचे पाणी खड्ड्यात साचून राहिले आणि उरलेले मीठ खोल खाली घेऊन गेले. करपलेली केळी झुलालने स्वतःच्या विळ्याने कापली.

माझा अर्धा भाग कुजला. उरलेल्या अर्ध्याने नवे रोम काढले. कैऱ्या आता भिकुबाईच्या बाजूलाच लागतात.

मित्रांनो, माती ओली आहे म्हणून झाडाला पाणी मिळतेच असे समजू नका. पान कोमेजले तर मुळाशी बसा, माती हातात घ्या. आणि आमच्याजवळ काही ओताल, तर ते पुढे कुठे जाईल हेही पाहा.

झुलालच्या बाजूच्या वाळलेल्या फांद्यांना भिकुबाईने अजून कुऱ्हाड लावू दिलेली नाही. केळीत जाताना झुलालला रोज त्यांच्याखालून जावे लागते.