दहा सेकंद पुढे

मी रिमोट आहे, टीव्हीचा. टीव्हीकडे सगळे मान वर करून बघतात. मला शोधताना मात्र टॉवेल झटकतात, गाद्या उलट्या करतात आणि सापडलो की "इथेच होता मेला" म्हणून माझाच उद्धार करतात. चार वर्षं मी हे निमूट ऐकलं. आज मी बोलणार आहे. मध्येच काही दाबू नका, एवढी कृपा करा.

माझा जन्म एका कारखान्यातला. आम्ही भावंडं हजारोंनी जन्मलो, एकाच रंगाची, एकाच तोंडवळ्याची. पोटात दोन सेल घातले की आम्हाला अक्कल येते, काढले की जाते. माणसांना ती काय घातल्याने येते, ते मला अजून समजलेलं नाही.

माझ्या मालकांचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक भिंतभर आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाक, आणि पडद्यामागे घर. टीव्ही त्यांनी हौसेने आणला नाही. गिऱ्हाईक मोबाईलमध्ये मान घालून बसतं आणि मानेवरची रेघ वाकडी येते, म्हणून आणला. टीव्ही आरशाच्या वर टांगला. माना वर झाल्या, रेघा सरळ यायला लागल्या. मला पावडरच्या डब्याशेजारची जागा मिळाली. दोन वर्षं माझ्या अंगावर प्लास्टिकची पिशवी होती. मी नवा राहावा म्हणून ती कोणी काढली नाही. शेवटी ती आपोआप फाटली आणि माझ्या बटणांत दाढीचा फेस शिरायला लागला.

टीव्ही आला आणि मालकांना मतं फुटली.

आधी ते हवामानावर बोलायचे. आता ते वेब सिरीजवर बोलतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी लोक दाढीच्या निमित्ताने येतात आणि विचारतात, या आठवड्यात काय बघू? मालक कातरी चालवत निकाल देतात: बघा, बघू नका, किंवा झोप येत नसेल तर बघा. वाद कोणी घालत नाही. गळ्यावर वस्तरा असताना कोण घालेल? एक निवृत्त मास्तर तेवढे कुरकुरतात, पण तेसुद्धा तोंड पुसून झाल्यावर.

खरं सांगायचं तर त्या मालिकाही त्याच लायकीच्या. आपले अलीकडचे थ्रिलर घ्या. पहिल्या भागात पाण्याकाठी प्रेत. प्रेतापाशी एक पोलीस अधिकारी, ज्याची बायको त्याला सोडून गेलेली आहे किंवा या आठवड्यात जाणार आहे. त्याची दाढी वाढलेली असते. ती बघून मालकांचा जीव तळमळतो. खुन्यापेक्षा त्यांना तिचाच राग जास्त. मग सगळं शहर घारीच्या डोळ्यांनी दाखवतात. मग 'सहा महिन्यांपूर्वी'. मग 'बारा वर्षांपूर्वी'. पुन्हा आज येतो तोवर आज कोणता वार होता, हे बघणारा विसरलेला असतो. पोलीस अंधाऱ्या घरात शिरतात ते टॉर्च घेऊनच. भिंतीवर दिव्याचं बटण असतं, ते आजवर एकाही तपास अधिकाऱ्याला सापडलेलं नाही, आणि याला खुनी सापडणार म्हणे.

दोन तासांची गोष्ट आठ भागांत पाणी घालून वाढवायची. शिव्या एवढ्या, की त्या गाळल्या तर सहाच भाग उरतील. डोंगर पोखरून उंदीर, आणि तो उंदीरही पुढच्या सीझनला निघणार.

कौटुंबिक नाट्यांची तऱ्हा वेगळी. मोठं घर, आठ माणसं, प्रत्येकाचं एक गुपित आणि कामधंदा कोणालाच नाही. सून झोपेतून उठते ती ओठ रंगवलेल्या अवस्थेत. जेवणाच्या टेबलावर गुपित फुटतं, सगळे उठून जातात, ताटं तशीच. ती कोण घासतं, हे आजवर एकाही दिग्दर्शकाने दाखवलेलं नाही. उरलेला वेळ माणसं खिडकीतून बाहेर बघतात. काहीच घडलं नाही की त्याला 'संयत' म्हणायचं, अशी त्या धंद्यातली रीत आहे.

तेव्हा मालकांना माझ्या अंगावरचं एक बटण सापडलं, यात नवल नाही. दाबलं की चित्र दहा सेकंद पुढे उडी मारतं. पहिल्यांदा त्यांनी ते चुकून कोपराने दाबलं. अधिकारी गच्चीवर सिगारेट ओढत उभा होता. पुन्हा दाबलं, अजून उभा. मग त्यांनी तिसऱ्या भागातून थेट सहाव्यात उडी घेतली, तर तो गच्चीवरच होता, फक्त सिगारेट बदललेली. मालक त्या दिवशी मोठ्याने हसले आणि तिथून त्यांची पद्धत ठरली. पहिला भाग निम्मा, मधले भाग दहा-दहा सेकंदांनी, आणि शेवटच्या भागाची शेवटची दहा मिनिटं. मास्तर म्हणाले, मला मधलं समजलं नाही. मालक म्हणाले, मधलं नसतंच.

शितावरून भाताची परीक्षा करायची तर निदान एक शीत तरी चावावं. हे नुसता वास घेऊन नाकाने कांदे सोलायचे. आणि खुनी कोण, हे आपल्याला पहिल्याच भागात कळलं होतं, असं सगळ्यांना सांगायचे. शेवट आधी बघितल्यावर कोणालाही कळतं हो!

मालकांना एकच मुलगी. घरात तिला बबडी म्हणतात. ती दुसऱ्या शहरात हिशेबाचं शिकायला गेली, ते अर्धवट सोडलं आणि मालिकांसाठी लिहायला लागली. का सोडलं, कधी सोडलं, मालकांना धड माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, तिला त्यात गोडी नव्हती. तीन वर्षं ती इतरांच्या हाताखाली राबली. मग एक दिवस फोन आला. तिने एकटीने लिहिलेली सहा भागांची मालिका येणार होती. तिचं मागणं एवढंच होतं: बाबा, चौथा भाग नीट बघा.

मालकांची छाती फुगली. आठवडाभर जो खुर्चीवर बसेल त्याला ते सांगत होते. मालिका आली त्या दिवशी बाकावर जागा उरली नाही. दाढी न वाढलेलेही दाढी करायला आले. मालकांनी हात पुसले, मला उचललं आणि मालिका लावली.

मालिका शांत होती. प्रेत नाही, पोलीस नाही. एका शिंप्याचं घर, त्याची मुलगी, तिचं शहरातलं शिक्षण. पहिल्या भागात बाकावरच्या एकाने जांभई दिली. मालकांनी ती आरशात पाहिली. दुसऱ्याने घड्याळ बघितलं. मालकांचे कान तापले. स्वतःच्या लेकीचं काम चारचौघांत कंटाळवाणं ठरतंय, हे त्यांना सहन होईना. त्यांनी मला पाठीमागे धरलं आणि अंगठा ठेवला.

चौथा भाग आला. ती मुलगी दुकानाच्या दारात उभी होती. मालकांनी दाबलं, ती दारातच. परत दाबलं, तरी दारातच. पुढच्या उडीला दार रिकामं होतं. असं करत सहा भाग अर्ध्या तासात उरकले आणि लोक टाळ्या वाजवून गेले. मालकांना वाटलं, लेकीची अब्रू आपण राखली. पाप त्यांचं, पण बटण माझं होतं. मला त्याची लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी बबडी घरी आली. दुपार होती. मालकीणबाई खुर्च्यांवरच्या कापडांच्या घड्या घालत होत्या. बबडी बाकावर बसली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी तिने विचारलंच, कशी वाटली?

मालक समीक्षकाच्या थाटात मागे रेलले. अभिनय चांगला, म्हणाले. थोडी लांबली, पण हल्ली लांबतातच. आणि मग त्यांनी हात दाखवून अवलक्षण केलं.

"शेवट मात्र जबरदस्त. सुनेनं म्हाताऱ्याला विष घातलं, ते मला आधीच कळलं होतं."

बबडी त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाबा, तो झोपलाय."

"कोण?"

"तो म्हातारा. दुपारचा झोपलाय. आणि त्यात सून नाहीये, मुलगी आहे ती."

मालकांनी बायकोकडे पाहिलं. मालकीणबाईंनी मोबाईलवर सगळी मालिका बघितली होती, चौथा भाग दोनदा. त्यांनी घडी घालणं थांबवलं नाही. "माझ्याकडे काय बघता? समोर बघा," एवढंच म्हणाल्या.

बबडी रडली नाही, रागावलीही नाही. तिने उठून चौथा भाग लावला, मला वडिलांच्या हातात दिलं आणि बाजूला बसली.

शिंप्याची मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात पिशवी, डोळे सुजलेले. बाप गिऱ्हाइकाचं माप घेत होता आणि मान न वळवता त्याला कुठल्याशा मालिकेचा शेवट रंगवून सांगत होता. "आलीस? बस," म्हणाला आणि पुन्हा शेवटावर आला. मुलीने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मालकांचा अंगठा सवयीने दबला. चित्र पुढे गेलं, दार रिकामं झालं.

माझ्या अंगावर मागे नेणारंही एक बटण आहे. ते मालकांनी चार वर्षांत कधी दाबलं नव्हतं. फेस वाळून ते गच्च झालं होतं. त्यांनी ते नखाने दाबलं, पुन्हा दाबलं. मुलगी परत दारात आली. या वेळी मालकांनी अंगठा उचलला आणि ती जाईपर्यंत बघितलं.

मग मला मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "तू अशी आली होतीस?"

"आले होते."

मी साक्षीदार आहे. त्या दिवशी मी पावडरच्या डब्याशेजारीच होतो. ती पाऊण तास दारात उभी होती. मालक मास्तरांना कुठल्याशा खुन्याचं नाव सांगण्यात रंगले होते. मला दिसत होतं, पण मला तोंड नाही. त्यांना तोंडही होतं आणि समोर आरसाही. त्या आरशात ती त्यांना अख्खी दिसत होती.

"काय सांगायला आली होतीस?"

बबडी म्हणाली, दुसऱ्यांदा नापास झाले होते. खोलीवर परत जायची भीती वाटत होती. तुम्ही म्हणाला असतात ना, घरीच राहा, तर राहिले असते. पण तुम्ही वळलाच नाहीत, म्हणून दुपारच्या गाडीने परत गेले.

मालकांचा चेहरा पडला. माफी मागायची सवय त्यांना नव्हती आणि ती त्या दिवशीही जमली नाही. त्यांनी टीव्ही बंद केला, बाकावर तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "मग? पुढे काय झालं?"

ती सांगत राहिली. खूप अडखळत, मागेपुढे करत सांगत होती. जांभई यावी असेही बरेच भाग त्यात होते. मालक एकदाही मध्ये बोलले नाहीत. मालकीणबाईंनी दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा तो गार झाला.

मालक सुधारले, असं समजू नका. थ्रिलर ते अजून दहा-दहा सेकंदांनीच उरकतात, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. मतंही तशीच तोऱ्यात देतात. पण परवा मास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, तुमच्या मुलीच्या मालिकेबद्दल काही बोलला नाहीत. मालकांनी वस्तरा त्यांच्या गळ्यावरून काढला आणि खाली ठेवला.

"चांगली आहे. त्यातला बाप मी आहे. पूर्ण बघा, आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

मास्तरांच्या अर्ध्या गालाला फेस तसाच होता. त्यांनी नुसती मान हलवली.

आता माझं वय झालं आहे. चारपाच बटणांवरचे आकडे पुसले गेलेत, सेलचं झाकण हरवलंय आणि पोट चिकटपट्टीने बांधलंय. एक दिवस नवा रिमोट येईल आणि मी खणात जाईन. त्याआधी तुम्हाला एकच सांगणं. पळवायचं ते खुशाल पळवा. पोलीस पळवा, प्रेतं पळवा, गच्चीवरच्या सिगारेटी तर जरूर पळवा. फक्त दारात कोणी उभं दिसलं, तर अंगठा उचला आणि मान वळवा.