शेवंताआतूचा जवळा

खाडीकाठच्या दिवाळे गावाला नवा डांबरी रस्ता आला तेव्हा सगळ्यांत खूश कोण झालं असेल, तर शेवंताआतू! गाड्या अजून सुरू व्हायच्या होत्या. आतूनं तापलेलं डांबर पायानं चाचपलं आणि भाचीला, पुतळाला, हाक मारली.

"पुतळे, सरकारनं आपला मासली सुकवायचा खला घेतला ना, त्याच्या बदल्यात ह्यो दिला बघ!"

झालं! दुसऱ्या दिवशी सगळा जवळा, ती बारीक कोलंबी, रस्त्यावर वाळत! होड्या बंद असतात त्या पावसाळ्याची घरची बेगमी होती ती.

आणि नेमका मुकादम आला. "ए मावशी, उचल! बारा वाजता साहेब रस्त्याचं उद्घाटन करणार. नायतर खाडीत टाकीन."

"आरं, ओला हाय! ढीग केला तर कुजंल," म्हणताना आतूला रडू फुटलं. तिला रडताना पुतळानं कधी पाहिलं नव्हतं.

पुतळा नववीत होती. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून तिचं तोंड कुणापुढे बंद होत नसे. ती गावाशेजारच्या नव्या कॉलनीत धावली, वर्गातल्या मीनाकडे.

"मीने, जवळा वाळवायला गच्चीची किल्ली दे!"

"जवळ्याला? अगं, वास! सोसायटी ओरडेल."

"ओरडू दे. तुमची सोसायटी आमच्याच खळ्यावर उभी हाय. आम्ही आपले चार मजले वर जातो!"

मीना खो खो हसली, आणि किल्लीच काय, स्वतः टोपली घेऊन आली. साहेबांच्या गाड्या येण्याआधी जवळा गच्चीवर पसरलासुद्धा!

वास मात्र खाली मीनाच्या घरात पोचला. नाकाला रुमाल लावून मीनाचे बाबा, नंदकुमारकाका, वर आले. नव्या शहराच्या पाणी खात्यातले अधिकारी! आतू जवळ्यापाशी बसून गच्चीवरची टाकी बघत होती. टाकी भरून वाहत होती.

"काय रं बाला," ती काकांना म्हणाली, "पानी चार मजले चढतं, न् आमच्या दिवाल्यापतूर चालत येत नाय?"

भांडण नव्हतंच तिच्या आवाजात. खरंच विचारत होती. काकांचा रुमाल खाली आला.

"आजी, ते... गावठाणाची मंजुरी वेगळी असते. वर पाठवलंय. येईल."

"येल तवा येल," आतू सरकून त्यांना सावलीत जागा देत म्हणाली. "तवर कावलं तरी हाकल."

काकांनी हातातल्या पेपरची गुंडाळी केली आणि निघाले कावळ्यांमागे.