धारेचं दूध

हिंगोलीकडच्या गोरेगावात माणूस आजारी पडला की आधी घरचे उपाय करतो, मग मेडिकलवाल्याला विचारतो, मग शेजारणीला, आणि सगळं करून थकला की येतो डॉक्टर मोहिनीकडं. आला की पहिलं वाक्य, "बाई, सुई द्या." काय होतंय ते सांगायचं नाही, सुई द्या! अठरा वर्षं मोहिनी हेच ऐकत आली. न द्यावी तर माणूस रुसतो, दुसरीकडं जाऊन सलाईन लावून घेतो आणि वर गावभर सांगतो की, मोहिनीबाईच्या हाताला आता पहिल्यासारखा गुण राहिला न्हाई.

तशी ती चांगली एमबीबीएस. बरोबरच्या मैत्रिणी कुणी हृदयाच्या, कुणी मेंदूच्या डॉक्टर झाल्या. दिवाळीत सगळ्या भेटल्या तेव्हा एकीनं तोंडावर विचारलं, "अगं, तू अजून गोरेगावातच?" जसं काही गोरेगाव म्हणजे काळं पाणीच! मोहिनी हसली खरी, पण ते बोलणं तिच्या मनाला लागलं. ताप, खोकला, जुलाब, पाठदुखी. जरा अवघड दिसलं की चिठ्ठी लिहून नांदेडला पाठवायचं. माणूस बरा झाला तर नाव नांदेडचं, बिघडला तर मोहिनीबाईनं उशीर केला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. आपण डॉक्टर कसल्या, स्टँडवरच्या कंट्रोलर, कोणती गाडी कुठं लागते तेवढं सांगायचं, असं तिला वाटायला लागलं होतं.

त्यात नांदेडच्या एका विमा कंपनीत डॉक्टरची जागा निघाली. दहा ते पाच कागद तपासायचे, रविवारी सुट्टी. मोहिनीनं होकार कळवला आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "एक तारखेपासून मी चालले. बास झालं." विश्वजीतराव हिंगोलीच्या कॉलेजात शिकवायचे. ते शांतपणे म्हणाले, "तुझं समाधान कशात आहे, ते तूच बघ." आता आली का पंचाईत! समाधान कशात आहे ते ठाऊक असतं, तर बाईनं अठरा वर्षं डोकं कशाला फोडून घेतलं असतं?

एक तारखेला पंधरा दिवस राहिले असताना, रविवारी सकाळी नामाजी दवाखान्यात आला. माळावरच्या वस्तीवरचा, शेळ्यामेंढ्या राखणारा माणूस. त्याची बायको जिवनबाई दसऱ्यापासून आजारी होती. ताप चढायचा, उतरायचा, घामानं अंथरूण भिजायचं आणि पाठ तर अशी धरली होती की उठता येईना. मोहिनीनं महिनाभर औषध दिलं, गुण येईना तेव्हा नांदेडला पाठवलं. तिथं पाठीचा फोटो काढला. क्षयानं मणका पोखरलाय, ऑपरेशन करा, नाहीतर पाय जातील, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. गुरुवारची तारीखसुद्धा दिली.

"मग आता माझ्याकडं कशाला आलात?" मोहिनी जरा तडकूनच बोलली.

"तुमाला इचारल्याबिगर कसं जावं?" नामाजी म्हणाला. "त्यायनं सांगितलं ते बराबरच असंल. पन आमच्या वस्तीची रीत हाय. आपल्या डॉक्टरनं व्हय म्हनल्याबिगर आमी चाकू लावून घेत न्हाई."

घ्या! इथं बाई निघाली गाव सोडून आणि हे महाशय रीत घेऊन आले! "जा" म्हणाली असती तर दोन मिनिटांत काम संपलं असतं. पण न बघता हो म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं बॅग उचलली, स्कूटी काढली आणि नामाजीच्या गाडीमागं वस्तीवर गेली.

जिवनबाई बाजेवर पडली होती. मोहिनीनं तिचे पाय तपासले. बोटं हलत होती, टाचणी टोचली की कळत होतं. ताप मात्र मोठा विचित्र. आठ दिवस येई, आठ दिवस जाई. क्षयाचं गणित काही जुळत नव्हतं, आणि का जुळत नाही तेही सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात नामाजीनं अंगणातली शेळी धरली, पेल्यात चार धारा काढल्या आणि फेसाळलेला पेला मोहिनीच्या हातात दिला. "घ्या बाई. आमच्याकडं आल्यावर तुमाला काय चहा द्यायचा?"

पेला कोमट होता. "उकळलं नाही?" मोहिनीनं विचारलं.

नामाजी हसला. "उकळल्यावर त्यातलं बळ मरतंय की. जिवनीला दोन येळेला असंच देऊन राहिलो. तुमीच सांगितलं व्हतं ना पोळ्याला, रगत कमी हाय, शेळीचं दूध पाजा म्हनून."

मोहिनी हातात पेला धरून बसली ती बसलीच. सांगितलं होतं, तिनंच सांगितलं होतं. उकळून प्या, एवढं मात्र सांगितलं नव्हतं. कसं सुचणार? तिच्या माहेरी दूध आलं की आधी गॅसवर चढायचं. कच्चं दूध कुणी पितं हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि आजाऱ्याचं दूध कुणी उकळतं हे यांच्या.

"नामाजी, यंदा शेळ्या गाभडल्या का?"

"पाच गाभडल्या. लागोपाठ. जिवनीनंच मेलेली पिल्लं हातानं काढली."

मोहिनी ताडकन उठली. ब्रुसेला! शेळ्यांचा रोग. कच्च्या दुधातून, असल्या पिल्लांना हात लावण्यातून माणसात येतो. असाच चढउताराचा ताप आणतो, असाच मणका खातो, फोटोत अगदी क्षयासारखा दिसतो. आणि बहुतेक वेळा नुसत्या औषधानं जातो, चाकू लागत नाही. कॉलेजात असताना पुस्तकात जेमतेम अर्धं पान वाचलेला रोग इथं बाजेवर निजला होता.

तिनं तिथूनच नांदेडला फोन लावून आपला संशय सांगितला. मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हा काही सर्दी-खोकल्याचा अंदाज नाही. थांबलो आणि पाय गेले तर?"

"तर जबाबदारी माझी. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा. पाय मी रोज तपासते, जोर जरा कमी वाटला तर त्याच क्षणी घेऊन येते."

तिनं फोन ठेवला. नामाजीनं एवढंच विचारलं, "तुमी काय म्हनता?"

"थांबा म्हणते."

"मंग थांबलो," तो म्हणाला आणि शेळी बांधायला गेला. ना शंका, ना दुसरा प्रश्न. शंका घेतली असती तर मोहिनीला बरं वाटलं असतं हो!

रक्त हिंगोलीहून मुंबईला गेलं. रोज सकाळी मोहिनी तुरीच्या रानातून वस्तीवर जायची, टाचणी टोचायची, पाय उचलायला लावायची. गुरुवारी, ऑपरेशनच्याच दिवशी, जिवनबाई म्हणाली, "डावा पाय जड वाटून राहिला." मोहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. पाय गेला, आपण घालवला! तिनं टाचणी काढली आणि भीतीच्या भरात जरा जोरातच टोचली.

"अगं आई गं! त्या टाचनीचा मुडदा बशिवला!" जिवनबाई केवढ्यानं ओरडली, आणि तोच पाय झटक्यानं वर घेतला. पाय शाबूत होता, नुसता एका अंगावर निजून अवघडला होता. एवढी गोड शिवी मोहिनीनं जन्मात ऐकली नव्हती.

शुक्रवारी रिपोर्ट आला. ब्रुसेलाच! कंपाउंडर उत्तमराव ओरडले, "जिंकलो की हो बाई!" बाकावरच्या पेशंटांना काही कळलं नाही, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या. नांदेडचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "मॅडम, आम्ही चौघांनी बघितलं. तुम्हाला कसं सुचलं?"

"तुमच्याकडं ती आली होती. मी तिच्या घरी गेले होते," मोहिनी म्हणाली. दुसरा फोन तिनं विमा कंपनीला लावला. मी येत नाही, इथं काम आहे, एवढं बोलून ठेवून दिला. नवऱ्याला संध्याकाळी कळलं.

औषध सुरू झालं, रोजची सुईही. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं. पंधरा दिवसांनी ताप थांबला, महिन्यानं जिवनबाई बाजेवर बसली. जनावरांचे डॉक्टर वस्तीवर येऊन गेले, घरोघर दूध उकळायला लागलं. पण एक गोष्ट मोहिनीच्या घशात अडकली होती. ते दूध तिच्याच शब्दाखातर पोटात गेलं होतं, हे ती जिवनबाईला सांगू शकली नव्हती. सांगितलं तर ही माणसं पुन्हा आपलं ऐकतील का?

दोन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, दवाखान्यासमोर जीप थांबली. वस्तीवरची अकरा माणसं उतरली, सगळ्यांची कंबर नाहीतर सांधे धरलेले. आणि जीपच्या मागून, बसायला जागा असताना न बसता, तीन किलोमीटर चालत, काठीसुद्धा न घेता जिवनबाई आली. पदर खोचलेला, मान ताठ. मोहिनी धावत ओट्यावर गेली. जिवनबाईला तशी चालताना बघून तिच्या घशातलं बाहेर पडलं.

"जिवनबाई, चूक माझी होती. दूध प्या म्हणून मीच सांगितलं होतं. उकळा म्हणून सांगितलं नाही. तुमचं दुखणं माझ्यामुळं वाढलं."

जिवनबाईनं तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "दूध उकळा म्हनलात त्याच दिवशी कळलं. बाई, तुमी सांगितलं म्हनून पेले, तुमी सांगितलं म्हनून सोडलं. दुसऱ्या कोनी सांगितलं असतं तर दोन्ही केलं नसतं मी." मग ती वस्तीवरच्या माणसांकडं वळली. "काय बघून राहिलात रे? नंबरानं बसा. आन कोनी सुई मागायची न्हाई. बाई देतील ते घ्यायचं!"